लायकीची मुदत

परदेशातलं मूल दत्तक घेऊन बाप व्हायला ओत्ताव्यो झानिरातो हा इसम लायक आहे, असं न्यायालयानं त्याला लेखी कळवलं तो तेरा जूनचा दिवस होता. त्याची बायको नीवेस आई व्हायला लायक असल्याचंही त्याच कागदावर होतं, पण एक ओळ खाली. हा कागद मिळवायला दीड वर्ष गेलं होतं. दोन समाजसेविका घरी येऊन फ्रिज उघडून बघून गेल्या होत्या. एका मानसोपचारतज्ज्ञानं ‘लहानपणी वडिलांची भीती वाटायची का?’ हा प्रश्न चार वेळा, चार निरनिराळ्या आवाजांत विचारला होता, आणि ओत्ताव्योनं चारही वेळा ‘वाटायची, पण रीतसर’ असंच उत्तर दिलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या पिवेत्ताला कुठल्याही न्यायालयाला न विचारता चार मुलं झाली होती. त्यानं जिन्यातच कागद हातात घेतला, उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाला, “च्यायला, मला हे कुणी दिलंच नाही.”

कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक अट होती. वर्षाच्या आत सरकारमान्य संस्थांपैकी एक निवडून तिच्याकडे रीतसर नाव नोंदवायचं. नाही नोंदवलं तर लायकी रद्द. नालायक माणसाला मुदत नसते, तो आयुष्यभर निर्धास्त नालायक राहू शकतो. लायकी मात्र दुधासारखी नासते.

सरकारमान्य संस्था होत्या साठेक. ओत्ताव्यो सतरा वर्षं फेराराच्या जमीन-नोंदणी कचेरीत होता. कुणाचं कुंपण कुठं संपतं आणि कुणाचा लोभ कुठं सुरू होतो, हे ठरवायचं त्याचं काम. त्यानं मोठा कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या आणि प्रत्येक संस्थेला विचारायचे सत्तावीस प्रश्न काढले. “मूल काय प्लॉट आहे?” नीवेसनं विचारलं. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे तिचे प्रश्न नेहमी छोटे असत आणि उत्तर येईपर्यंत ती नजर काढत नसे.

“प्लॉट फसवा निघाला तर माणूस वकील करतो,” ओत्ताव्यो म्हणाला. “इथं काय करणार?”

हे बरोबर होतं. ओत्ताव्योचं बरोबरच असायचं. त्यांच्या संसाराची मोठी अडचण तीच होती.

बातमी जिन्यात पोचली होतीच. तळमजल्यावरची सिन्योरा आर्जा ऐंशीची, अजून सायकलवरून बाजारात जायची आणि येताना पावाबरोबर पाच-सहा मतं घेऊन यायची. “हे बघ बाळा,” सायकलवरून न उतरताच ती म्हणाली, “मी डॉक्टर कसा निवडला? ज्याच्या दारात रांग, तो डॉक्टर चांगला.” औषधाच्या दुकानदाराचं म्हणणं नेमकं उलटं. “रांग असलेल्या संस्थेत जाऊन काय करणार? तुमचा नंबर लागेपर्यंत मूल लष्करात भरती व्हायचं.” पावरोटीवाल्या बाईचा भाचा कुठूनसा दोन मुलगे घेऊन आला होता, पण संस्थेचं नाव विचारलं की ती म्हणे, “नाव नाही आठवत, पण खाली पार्किंग छान होतं.”

मग इमारतीची वार्षिक बैठक आली. विषय होते पन्हळीची दुरुस्ती, जिन्यातला दिवा, पिवेत्ताच्या कुत्र्याचे केस, आणि शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली झानिरातो कुटुंबाचं अजून कुठंच नसलेलं मूल. पिवेत्ता इमारतीचा व्यवस्थापकही होता, त्यामुळे बैठकीत तो ओत्ताव्योला अहो-जाहो करायचा.

“बाबागाडी जिन्याखाली ठेवणार का तुम्ही?”

“मुलाचं वय अजून ठरलेलं नाही.”

“म्हणजे बाबागाडी का सायकल, तेही ठरलेलं नाही.”

“नाही.”

“मग लिहा,” पिवेत्ता वही भरणाऱ्याला म्हणाला, “अनिश्चित स्वरूपाचं वाहन.”

मतदान झालं. चार विरुद्ध दोन मतांनी बाबागाडीला मनाई. विरोधात मत देणाऱ्यांनी जाताना एकेकानं ओत्ताव्योचा हात हातात घेऊन ‘किती मोठं मन आहे तुमचं’ असं सांगितलं. नीवेस घरी येऊन भांडी घासत बसली. ती धुतलेलीच होती.

शनिवारी-शनिवारी माहिती-सभा सुरू झाल्या. बोलोन्या, वेरोना, मिलान. एका सभेत पडद्यावर मुलांचे चेहरे आणि मागं व्हायोलिन, दर तिसऱ्या चेहऱ्याला कुणीतरी हुंदका द्यायचं. दुसरीकडे आधी फॉर्म भरायचा होता, त्यात ‘त्वचेचा रंग कितपत चालेल’ असा एक रकाना, आणि पुढं फिक्यापासून गडदपर्यंत पाच चौकोन, भिंतीच्या रंगाच्या दुकानात असतात तसे. ओत्ताव्यो तो कागद परत करून बाहेर आला आणि गाडीत बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिला. तिसऱ्या ठिकाणी त्यानं उभं राहून प्रश्न केला, “गेल्या वर्षी तुमच्यामार्फत प्रत्यक्षात किती मुलं आली?”

“सिन्योर,” व्यासपीठावरच्या बाई दुखावल्या आवाजात म्हणाल्या, “मुलं मोजायची नसतात. मुलांना कवटाळायचं असतं.”

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गृहस्थानं हळूच विचारलं, “तुम्ही आयकर खात्यातले का?”

पादोव्हात एक सिन्योरा एर्सील्या होती. तिची संस्था म्हणजे सायकल-दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. फोन तिनं स्वतःच उचलला. “या वेळी आमच्याकडे एकही मूल नाही,” ती म्हणाली. “कधी असेल, ते मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं बोलता येईल, पण बोलणार नाही.” ओत्ताव्योनं सत्तावीसही प्रश्न विचारले, तिनं सत्तावीसही उत्तरं दिली, त्यातली एकोणीस निराशाजनक होती. घरी येऊन त्यानं तिच्या नावावर काट मारली. माणूस खरं शोधत फिरतो तेव्हा ते बरं निघावं अशीच त्याची अपेक्षा असते.

आणि फेब्रुवारीत त्यांना ‘आणखी एक खुर्ची’ सापडली.

बोलोन्यातल्या या संस्थेच्या दिवाणखान्यात मधोमध एक छोटी लाकडी खुर्ची होती, तिला फीत बांधलेली, तिच्यावर कुणी बसायचं नाही. संचालक डॉक्टर बेल्लेन्तानी कशाचे डॉक्टर होते, हे ओत्ताव्योच्या रकान्यात शेवटपर्यंत कोरं राहिलं. पण माणूस गोड. नीवेसचं नाव एकदाच ऐकून लक्षात ठेवलं, आणि तिच्या वाढदिवसाला सकाळी सात वाजता फोन केला. ओत्ताव्योला तो वाढदिवस सव्वाआठला आठवला. तीन आठवड्यांत पाकीट आलं. आत फोटो. चार-पाच वर्षांची मुलगी, पिवळा स्वेटर, एक मोजा घोट्यावर उतरलेला, मागं भिंतीवर रंगवता रंगवता अर्धाच सोडलेला निळा जिराफ. खाली लिहिलं होतं: मेकदेस, अदिस अबाबा. ‘अधिकृत नव्हे. केवळ उमेद वाढवण्यासाठी.’

नीवेस फोटो घेऊन खिडकीशी गेली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “हिला थंडी वाजतेय.”

“सत्तावीसपैकी चारच प्रश्नांची उत्तरं मिळालीत,” ओत्ताव्यो म्हणाला.

“तुझ्या तक्त्यात मुलगी कुठल्या रकान्यात आहे, सांग ना.”

ओत्ताव्योनं तक्ता घडी घालून ठेवला. पण सही केली नाही. अनाथाश्रमाचा नोंदणी क्रमांक मागणारं पत्र धाडलं. उत्तरादाखल बेल्लेन्तानींनी इथिओपियाच्या सूर्योदयाचं कॅलेंडर धाडलं. इकडे नीवेसनं मागची खोली रिकामी केली, पडदे शिवले, आणि वर्गातल्या मुलांना आफ्रिकेचा नकाशा नियोजित वेळेच्या दोन महिने आधीच शिकवला.

एप्रिलच्या एका रविवारी संस्थेनं ‘वाट पाहणाऱ्या कुटुंबां’चं जेवण ठेवलं, मोदेनाजवळच्या एका शेतघरात. लांबलचक टेबल, भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता, लाल फेसाळ वाइन. झानिरातोंसमोर मान्तोव्हाचे फ्रोल्दी पती-पत्नी बसले होते. तित्स्यानो फ्रोल्दी दातांचा डॉक्टर, समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघून बोलणारा. त्याची बायको ओम्ब्रेत्ता मात्र मोकळी. दुसऱ्या ग्लासाला ती म्हणाली, “आमची बघायचीय? खरं म्हणजे दाखवायची नसते.” आणि पर्समधून तिनं फोटो काढला.

पिवळा स्वेटर. उतरलेला मोजा. अर्धा जिराफ.

“ही आमची सेलाम,” ओम्ब्रेत्ता म्हणाली.

नीवेसनं काट्यावरचा घास तसाच ताटात ठेवला. आपल्या पर्समधला फोटो काढून तिनं शेजारी ठेवला. चौघंही पत्त्यांचा डाव उघडा पडावा तशी बघत राहिली.

ओत्ताव्योला हे फार ओळखीचं वाटलं. एकाच प्लॉटचे दोन उतारे, दोन गिऱ्हाईकं! सतरा वर्षांत त्यानं असे डझनभर बघितले होते. फक्त प्लॉटच्या पायात कधी मोजा नव्हता.

बेल्लेन्तानी हात पसरत आले. “अहो, नमुन्यादाखल असतो तो फोटो! उमेदीचा चेहरा म्हणा ना.”

“नमुन्यादाखल?” ओत्ताव्यो उभा राहिला. “मुलगी नमुन्यादाखल?”

“बसा, बसा, केक येतोय.” मग आवाज खाली आणून, दोन्ही जोडप्यांना ऐकू जाईल इतपतच, “आता काय आहे, ज्यांची सही आधी, त्यांची फाइल आधी. माझ्या हातात काय आहे?”

घरी परतताना ओत्ताव्यो सत्तर किलोमीटर एकाच वेगानं गाडी चालवत राहिला. फेरारा आल्यावर नीवेस म्हणाली, “उद्या सही कर.”

“तो माणूस चोर आहे.”

“माहितीय. सही कर.”

“नीवेस, एकच मुलगी दोघांना—”

“दोघांना नाही देणार. एकालाच देणार. मला तो एक व्हायचंय.” ती गाडीतून उतरली आणि दार आपटलं नाही, अगदी हलकेच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी ओत्ताव्योनं सही केली नाही. फ्रोल्दींनी केली. मंगळवारी तो रजा टाकून पादोव्हाला गेला, काट मारलेल्या सिन्योरा एर्सील्याकडे. ती अदिस अबाबात अकरा वर्षं राहिली होती. फोटो घेऊन तिनं चष्मा कपाळावर चढवला, आणि मुलीकडे नाही, मागच्या भिंतीकडे पाहिलं.

“हा जिराफ ओळखते मी. रंगवणारा पैसे न मिळाल्यानं मधेच सोडून गेला होता.” तिचा जुना ड्रायव्हर तिथं होता. त्याला सांगते, म्हणाली.

तीन आठवड्यांनी तिनं परत बोलावलं. फोनवर सांगणार नाही, समोर या. खुर्ची दिली, पाणी दिलं.

“मुलीला आई आहे. झिवायच्या तळ्याकाठी गुलाबांचे काचघर-मळे आहेत, तिथं फुलं तोडते. आजीपण आहे. मुलीला शाळेसाठी म्हणून त्या अनाथाश्रमात ठेवलंय.”

“पण कागदावर अनाथ आहे.”

“कागदावर आईनं अंगठा दिलाय. वाचता येत नाही तिला.”

“काय सांगून घेतला?”

“तुम्हीच सांगा,” सिन्योरा एर्सील्या थकल्या आवाजात म्हणाली. “शाळा चांगली आहे, जरा लांब आहे, असंच काहीतरी सांगितलं असणार. मी तिथून काम का बंद केलं, असा प्रश्न होता ना तुमच्या तक्त्यात? अकरावा?”

बारावा होता. ओत्ताव्योनं दुरुस्ती केली नाही.

संध्याकाळी त्यानं नीवेसला सगळं सांगितलं. ती आधी ‘खोटं आहे’ म्हणाली. मग आईचं वय विचारलं. चोवीस. शेवटी ती म्हणाली, “तुला बरं वाटलं ना? तुझं बरोबर निघालं.”

“काहीतरीच काय बोलतेस.”

पण पादोव्हाच्या त्या खुर्चीत, पाण्याचा पहिला घोट आणि दुसरा घोट यांच्यामध्ये, त्याला खरंच किंचित बरं वाटलं होतं. न्यायालयाच्या कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला हे सापडलं नव्हतं. नीवेसनं बसल्या जागी शोधून काढलं.

दोघं मान्तोव्हाला गेले. फ्रोल्दींच्या बैठकीत गुळगुळीत पांढरा सोफा, आणि त्याला आतापासूनच लहान मुलाच्या हातांसाठी प्लास्टिकचं कव्हर. ओत्ताव्योनं मिळालेली माहिती लिहिलेला कागद पुढं ठेवला, मुद्देसूद सांगितलं. ओम्ब्रेत्ताचे डोळे भरले. तित्स्यानोनं ओत्ताव्योच्या दातांकडे बघत विचारलं, “म्हणजे तुम्ही माघार घेताय?”

“माघारीचा प्रश्न नाही. तिला आई आहे.”

“तिनं दिलीय ना पण? जबरदस्तीनं तर नाही ना कुणी नेली?” ओम्ब्रेत्ता म्हणाली. “आणि आम्ही नाही घेतली तर काय ती आईकडे जाईल असं वाटतं तुम्हाला? तिसरा कुणीतरी फोटो घेऊन बसला असेल.” ती नीवेसकडे वळली. “तू खरं सांग. तुझी सही आधी झाली असती, तर आली असतीस मला सांगायला?”

नीवेस पर्स उचलून उभी राहिली. जाताना तिनं ओम्ब्रेत्ताला मिठी मारली, आणि ओत्ताव्योला आजतागायत कळलेलं नाही की कोण कोणाला माफ करत होतं.

ओत्ताव्योनं तक्रार लिहिली. नऊ पानं, परिशिष्टं वेगळी, पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टानं, तीन कचेऱ्यांना. पहिलीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं पहिलीकडे. तिसरीचं उत्तर सविनय होतं: सदर बालिकेच्या प्रकरणी आपण अर्जदार नसल्याने आपला संबंध प्रस्थापित होत नाही, आपल्या जागरूकतेबद्दल आभार. तो स्वतः गेली सतरा वर्षं लोकांना हेच वाक्य पाठवत आला होता, ‘बालिके’च्या जागी ‘मिळकत’ घालून. ‘जागरूकतेबद्दल आभार’ हेही त्याचंच. परिपत्रकात ते त्यानंच सुचवलेलं.

बारा जूनच्या संध्याकाळी जेवताना नीवेस अचानक म्हणाली, “एर्सील्याबाईंकडे नाव घालू या. वीस वर्षं लागली तरी चालेल. निदान मूल कुणाचं आहे ते कळेल.”

ओत्ताव्योनं चमचा खाली ठेवला. एक दिवस शिल्लक होता. तो पुरेसा होता; कायद्यानं एक दिवस म्हणजे पूर्ण दिवस.

तेरा जूनला सकाळी नऊ वाजता दोघं पादोव्हात उतरले, आणि पादोव्हात सगळं बंद होतं. दुकानं बंद, बँका बंद, सायकलवाला बंद. रस्त्यात माणूस मावत नव्हता. ओत्ताव्योकडे वर्षभराच्या सुट्ट्यांची बिनचूक यादी होती, पण फेराराची. तेरा जून हा पादोव्हाच्या संत अंतोनींचा सण. हरवलेल्या वस्तू शोधून देणारे संत! लाखभर लोक हरवलेलं काहीबाही मागायला आले होते, आणि त्यातून वाट काढत झानिरातो दांपत्य आपली लायकी हरवायला निघालं होतं.

सिन्योरा एर्सील्या मिरवणुकीत मेणबत्ती घेऊन चालताना सापडली. तिनं मेणबत्ती शेजारणीच्या हातात दिली, कचेरी उघडली, कागद काढले. “पण सही नोटरीसमोर लागते, आणि आज इथं एकही मिळायचा नाही. फेराराचा चालेल. पळा.”

ते पळाले. हमरस्त्यावर भाविकांच्या बसची रांग, रोव्हिगोजवळ एक उलटलेला टरबुजांचा ट्रक. फेराराच्या नोटरीच्या दारात पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दारावर ‘एक वाजता बंद’ अशी पाटी होती आणि नोटरी समुद्रावर होता; गावातले बाकीचेही एकलाच उठले होते.

दुसऱ्या दिवशी ओत्ताव्योनं सिन्योरा एर्सील्याला फोन केला आणि आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं ते वाक्य उच्चारलं. “कालची तारीख टाकता येईल का?”

ती काही बोलण्याआधीच त्यानं पुढं जोडलं:

“एका दिवसाचाच प्रश्न आहे, सिन्योरा. नोटरीशी मी बोलतो. ओळखीचा आहे.”

“झानिरातो,” ती हळू म्हणाली, “तारखा बदलणारी संस्था हवी असती तर तुम्ही माझ्याकडे आला असता का?”

साठ संस्थांत एक सचोटीची निघाली होती, यात आता शंका उरली नाही.

पुन्हा अर्ज करता आला असता. पुन्हा समाजसेविका, पुन्हा फ्रिज. नीवेस म्हणाली, “मी चांगली आहे हे मी पुन्हा कुणाला दाखवणार नाही. मलाच आता तितकी खात्री नाही.” जिन्यात सिन्योरा आर्जा म्हणाली, “बरं झालं बाळा, बाहेरची मुलं पुढं त्रास देतात.” पिवेत्तानं विचारलं, की मग तो बाबागाडीचा ठराव वहीतून काढायचा का राहू द्यायचा. ओत्ताव्यो म्हणाला, राहू द्या.

पुढच्या वसंतात मान्तोव्हाहून आमंत्रण आलं. बाप्तिस्मा आणि जेवण. मुलीचं नाव आता लेतित्स्या होतं, म्हणजे आनंद. ओत्ताव्योनं आमंत्रण टोपलीत टाकलं. नीवेसनं ते काढून इस्त्री केल्यासारखं हातानं सपाट केलं. “जायचं,” ती म्हणाली. तिनं रंगीत खडूंची मोठी पेटी घेतली.

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. बेल्लेन्तानी होते, त्यांनी नीवेसला नावानं हाक मारली. ओम्ब्रेत्ता जाड झाली होती, सुंदर दिसत होती, आणि तिची नजर मुलीवरून क्षणभरही हलत नव्हती. ती तिच्यावर जीव टाकत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ओत्ताव्योला तेच सगळ्यात असह्य झालं. जरा वाईट वागवत असते तर तक्रारीला जागा राहिली असती.

जेवणानंतर तो एका बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसला. मुलगी पांढरा झगा सावरत आली. त्याचा सूट, चष्मा आणि खिशातली तीन पेनं तिनं नीट पाहिली.

“तुम्ही शाळेचे मोठे सर आहात?” तिनं विचारलं. इटालियन नवं होतं, एकेक शब्द ती ठेवून बघत होती.

“नाही. मी कचेरीत असतो.”

“पण तुम्हाला माहीत असेल. शाळा कधी संपते?”

नीवेस मागं केकच्या दोन बश्या घेऊन उभी होती. ओत्ताव्योनं तिच्याकडे पाहिलं नाही. प्रश्न साधा होता, आणि त्याचं उत्तर त्याला बिनचूक ठाऊक होतं.

“जूनमध्ये,” तो म्हणाला.

“जून,” ती म्हणाली. बोटांवर महिने घातले, दोनच बोटं लागली. तिचा चेहरा उजळला. “मग घरी.”

तिनं तसं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्यामुळे रीतसर पाहता त्यावर उत्तर देणं कुणालाही बंधनकारक नव्हतं, आणि कुणी दिलंही नाही.